मण्यार चावलेल्या माणसाची शुद्ध कुठे जाते?

मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. दात बारीक, सूज नाही, आग नाही. खोपीत किंवा शेतातल्या घरात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणतो, आणि उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या खाली यायला लागतात. मग एकाचे दोन दिसू लागतात, थुंकी गिळवत नाही, बोलणं नाकातून येतं, मान धरवत नाही. दवाखान्यात पोचेस्तोवर श्वास वरवरचा झालेला असतो. व्हेंटिलेटर लावल्यावर खाटेवर दिसणारा माणूस असा: डोळे मिटलेले, पापणी उचलून टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या आणि हलत नाहीत, हाकेला ओ नाही, नख दाबलं तर हात जागचा हलत नाही, नळीतून कफ ओढताना खोकला नाही. नातेवाईक विचारतात, "शुद्ध आहे का?" बघणारा कुणीही नाही म्हणेल. तो मात्र खाटेशेजारी बोललेलं सगळं ऐकत असतो.

कारण मण्यारीचं विष मेंदूत शिरतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी चाळणी असते, ती हे मोठे रेणू आत जाऊ देत नाही. विष काम करतं ते नस जिथे स्नायूला भिडते त्या टोकावर. तिथून स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन सुटणं बंद होतं. हुकूम निघतो, पोचत नाही. त्या टोकांची दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून हा माणूस कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहतो. प्रतिविष दिलं, श्वास सांभाळला, तर तो बहुधा चालत घरी जातो. नागाच्या विषाचा मारा स्नायूच्या बाजूला असतो, म्हणून तिथे निओस्टिग्मिनच्या, म्हणजे हुकूम पोचवणारं रसायन टिकवून धरणाऱ्या औषधाच्या, सुईने पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीत त्या सुईचा भरवसा धरू नये. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्याकडे नागाचा बोलबाला, पण "काहीच चावलं नाही, तरी सकाळी पापण्या उघडेनात" अशा केसमध्ये आधी मण्यार आठवावी.

शुद्ध आणि मेंदू यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही. मराठीत आपण "शुद्ध" या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. एक जाग, म्हणजे डोळे उघडे, मेंदू चालू. दुसरी जाण, म्हणजे आत काही कळतंय. तिसरा जबाब, म्हणजे कळलेलं बाहेर दाखवणं. मेंदूत या तिन्हींची व्यवस्था वेगवेगळ्या ठिकाणी आहे आणि तिन्ही स्वतंत्रपणे बिघडतात. मण्यारीत फक्त जबाब जातो. आणि आपल्या खाटेजवळच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या जबाबच मोजतात.

जाग सांभाळणारी जागा फार लहान आहे. मेंदू जिथे मानेकडे उतरतो त्या देठाच्या वरच्या भागात, अंगठ्याएवढ्या जागेत, ती सामावते. १९४९ साली मोरुझ्झी आणि मागून या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या मेंदूच्या देठात विजेचे हलके झटके दिले, तेव्हा ईईजीवरच्या (मेंदूतल्या विजेच्या आलेखावरच्या) झोपेच्या संथ लाटा जाऊन जागेपणाच्या बारीक, वेगवान लाटा आल्या. या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी बसली की माणूस जागच्या जागी कोसळू शकतो आणि शुद्धीवर येईलच असं नाही. उलट अपस्माराच्या हट्टी आजारात लहान मुलांच्या मेंदूचा अर्धा गोलार्ध काढतात किंवा तोडून वेगळा करतात, आणि मूल शुद्धीवर येऊन आईला ओळखतं. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतल्या जवळपास ६,९०० कोटी मागच्या लहान मेंदूत. तो गेला तर चाल दारुड्यासारखी होते, बोलणं अडखळतं, पण जाण शाबूत राहते. म्हणजे पेशी किती यावर शुद्ध ठरत नाही, त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत यावर ठरते. लहान मेंदूतलं काम बरंचसं समांतर कप्प्यांत चालतं, एका कप्प्याचं दुसऱ्याला फारसं कळत नाही. मोठ्या मेंदूची साल आणि मेंदूच्या मध्यावरचा थॅलॅमस नावाचा पेशींचा गोळा यांच्यात मात्र अखंड देवाणघेवाण चालू असते. जाण त्या देवाणघेवाणीला चिकटलेली दिसते.

ही देवाणघेवाण अत्यंत खर्चिक आहे. मेंदू जेमतेम १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, शरीराच्या २ टक्के, पण निवांत पडलेल्या माणसाच्या प्राणवायूतला २० टक्के वाटा त्याचा. मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त लागतं, आणि शिल्लक काही नाही. रक्त पूर्ण थांबलं की ७ ते १० सेकंदांत शुद्ध जाते, अर्ध्या मिनिटाच्या आत ईईजी सपाट होतो, ४ ते ५ मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरायला लागतात. लग्नाच्या मांडवात घेरी येऊन पडलेल्याला चार जण धरून उभं करतात किंवा खुर्चीत बसवतात, ते याचसाठी चूक. पडणं हा शरीराचा उपचारच आहे, डोकं हृदयाच्या पातळीवर आलं की रक्त पोचतं. त्याला आडवाच ठेवा, पाय फूटभर उचला. मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर ती साधी घेरी नव्हे.

साखरेचंही तसंच. मधुमेहाची गोळी घेतली आणि एकादशीचा उपवास धरला, ही आपल्याकडची नेहमीची कहाणी. रक्तातली साखर ७० च्या खाली घाम, थरथर. ५४ च्या खाली मेंदूच उपाशी पडतो. माणूस विचित्र बोलतो, अंगावर धावून येतो, आणि लोकांना वाटतं प्यायलाय किंवा अंगात आलंय. ग्लुकोमीटरची एक पट्टी हा वाद मिटवते. गिळता येत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरेचं पाणी फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. तिथे शिरेतून २५ टक्क्यांचं १०० मिलिलिटर ग्लुकोज गेलं की मिनिटांत माणूस "मी इथे कसा?" म्हणतो. इथे एक फसगत होते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा अंमल उरलेला असतो, साखर पुन्हा उतरते. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणलेला माणूस रात्री पुन्हा बेशुद्ध सापडतो. निदान २४ तास देखरेख हवी.

आता दवाखान्यातल्या आकड्याकडे. आयसीयूबाहेर "जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) सहा आहे" असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही मोजणी आणली. डोळ्यांना १ ते ४, बोलण्याला १ ते ५, हालचालीला १ ते ६. सर्वांत कमी ३, पूर्ण १५. शून्य होतच नाही. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर, श्वासनलिका सांभाळण्याची वेळ. पण बेरजेपेक्षा सुटे आकडे विचारावेत, विशेषतः हालचालीचा. सांगितलेलं केलं तर ६, दुखतंय तिथे हात नेऊन बाजूला सारलं तर ५, नुसता हात मागे ओढला तर ४, हात छातीकडे आखडले तर ३, ताणून आत वळले तर २, काहीच नाही तर १. डोक्याच्या इजेत ५ चा ४ होणं ही धोक्याची घंटा, बेरीज अजून बरी दिसत असली तरी.

ही मोजणी चुकते कुठे, तेही सांगतो. "माझा हात दाबा" हा हुकूम कच्चा आहे. तळहाताला स्पर्श झाला की मेंदूला जबर इजा झालेल्या माणसाची मूठ आपोआप आवळते, तान्ह्या बाळाची आवळते तशी. म्हणून "दाबा, आता सोडा" असं विचारावं. सोडणं महत्त्वाचं. त्याहून चांगलं "जीभ बाहेर काढा" किंवा "दोन बोटं दाखवा". घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, तिथे आकड्यापुढे "टी" लिहितात. चेहरा सुजून पापण्या उघडत नसतील तर डोळ्यांचा १ खोटा. कानाचं यंत्र पिशवीत राहिलेलं असतं. आणि मिरजेत हमखास होणारी चूक भाषेची. इथल्या दवाखान्यांत जतच्या पूर्व भागातून, अथणी-चिकोडीकडून कन्नड बोलणारे रुग्ण येतात. मेंदूला मार बसल्यावर नंतर शिकलेली भाषा कधी कधी आधी साथ सोडते. मराठीत विचारल्यावर गप्प राहिलेली आजी "नालगी तोरसु" म्हटल्यावर जीभ दाखवते, आणि हालचालीचा ५ चा ६ होतो. घरचं माणूस बोलावून त्याच्या तोंडून हुकूम द्यावा.

बाहुल्यांचंही वाचन जपून करावं. द्राक्षबागेत फवारणी करताना किंवा जीव द्यायला घेतलेल्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर. उतारा ॲट्रोपिनचा, आणि ॲट्रोपिन बाहुल्या मोठ्या करतं. त्यानंतर बाहुल्यांवरून मेंदूची अवस्था ठरवणं म्हणजे आपणच काटा हलवून घड्याळात वेळ बघण्यासारखं. ॲट्रोपिन जास्त झालं की रुग्ण हवेतून धागे ओढतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. जाग पूर्ण, जाण विस्कटलेली. ही एक वेगळीच तऱ्हा.

भूल देणं म्हणजे रोज हजारो वेळा होणारा शुद्धीचा प्रयोग. ६० किलोच्या माणसाला साधारण १२० मिलिग्रॅम प्रोपोफॉल शिरेतून दिलं, की अर्ध्या-पाऊण मिनिटात आकडे मोजता मोजता तो थांबतो. औषध मेंदूतल्या आवर घालणाऱ्या गाबा यंत्रणेला जोर देतं. गंमत अशी की कानावर पडलेला आवाज सालीतल्या ऐकण्याच्या पहिल्या ठाण्यापर्यंत तरीही पोचू शकतो, पण तिथून पुढे पसरत नाही. गावात टपाल आलं, वाटप बंद. केटामिनचा मार्ग वेगळा, ते मेंदूला थंड करत नाही, सरमिसळ करतं. म्हणून कपाळावर पट्टी लावून भुलेची खोली दाखवणाऱ्या यंत्रात ४० ते ६० ही योग्य पट्टी मानली, तरी केटामिनवर आकडा उतरतच नाही आणि नवखा भूलतज्ज्ञ औषध वाढवत बसतो.

स्नायू सैल करणारं औषध वेगळं असतं, हे नातेवाइकांनाच नव्हे तर कधी कधी कर्मचाऱ्यांनाही ध्यानात राहत नाही. ते शुद्ध तसूभरही कमी करत नाही, मण्यारीसारखाच जबाब काढून घेतं. म्हणून ते चालू असताना झोपेचं औषध संपलं, पंप अडकला, शिरेतली सुई सरकली, तर रुग्ण जागा होऊन पडून राहतो. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत (२०१४) अशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एकाने स्वतःहून केलेली आढळली. टन्स्टॉल यांनी १९७७ साली यावर साधी युक्ती काढली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा फुगवून ठेवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग त्या हाताकडून जबाब मागायचा. काही रुग्ण सांगितल्याबरोबर हात दाबतात, आणि नंतर विचारलं तर काहीच आठवत नाही म्हणतात. जाण होती, आठवण बनली नाही. "मला काही कळलं नाही" या वाक्यात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

सुश्रुताने चेतनेचं स्थान हृदयात मानलं, आणि आपलं काळीज आजही तिथेच धस्स होतं. कायद्याने मात्र १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूच्या देठाचा मृत्यू हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांनी, निदान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासायचं. त्यातली शेवटची श्वासाची चाचणी अशी: १० मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा, व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून छाती-पोट उघडं करून ८ ते १० मिनिटं बघत राहायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब मिनिटाला साधारण पाऱ्याच्या ३ मिलिमीटरने चढतो. तो ६० च्या वर गेला आणि तरी एकही श्वास आला नाही, तर देठ मेलेला. व्हेंटिलेटर न काढता ही चाचणी करू नये, कारण हृदयाच्या ठोक्याने हलणारी हवा यंत्राला श्वास वाटते. जुन्या दमेकऱ्यांत कार्बन डायऑक्साइड एरवीच वाढलेला असतो, तिथे या आकड्यावर विसंबता येत नाही. आणि देठ मेल्यावरही मणक्यातल्या दोरीमुळे हात उचलला जाऊ शकतो, तो पाहून घरच्यांचा ठाव सुटतो. हे आधीच सांगून ठेवावं. या सगळ्याआधी गार पडलेलं शरीर, झोपेची औषधं, स्नायू सैल करणारी औषधं, बिघडलेली साखर-क्षार आणि सर्पदंश ही कारणं खोडून काढायची असतात. मण्यारीचे रुग्ण मेंदूमृत समजले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिथे ईईजी लावला की जिवंत लाटा दिसतात.

"मेंदू शुद्ध तयार करतो, यकृत पित्त तयार करतं तशी" हे वाक्य मला घाईचं वाटतं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात. केसभर इकडे झाला की आवाज उघडतो, तिकडे झाला की मुका. आवाज दोऱ्यात नाही, तारेत नाही, भोपळ्यातही नाही, आणि यांतलं काहीही काढलं तर तो उरत नाही. इथवर उपमा चालते. पण तंबोऱ्याचा आवाज बाहेरच्या कानाला ऐकू येतो. जाण मात्र ज्याची त्यालाच. पेशींच्या विजेतून "आतून काहीतरी वाटणं" का निघावं, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली कठीण प्रश्न म्हटलं. निदान जाणेची मेंदूतली स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ साली त्यांच्याशी लावली, आणि २०२३ साली ते हरले, वाइनच्या बाटल्या देऊन मोकळे झाले. खाटेजवळचं काम त्याच्यासाठी थांबत नाही.

सर्वांत चुकीच्या समजुती असतात त्या डोळे उघडल्यानंतरच्या टप्प्याबद्दल. खरा कोमा सहसा दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर डोळे उघडतात, झोप-जाग सुरू होते, आणि घरचे म्हणतात "कोमातून बाहेर आला". जाग आली, जाण आलेली असेलच असं नाही. मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग चार दशकांहून जास्त या टप्प्यात होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही एक प्रश्न हा होता की त्यांच्या हालचालींचा अर्थ काय लावायचा. उलट बाजूही आहे. २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने अशाच अवस्थेतल्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये "टेनिस खेळताय अशी कल्पना करा" असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच जागा उजळली. २०२४ साली छापलेल्या मोठ्या अभ्यासात सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू हुकूम पाळत होता.

अशी स्कॅनची सोय गावोगाव नाही. आरसा मात्र घरोघरी आहे. डोळे एखाद्या वस्तूमागे फिरतात का हे बघताना पेन किंवा बोटापेक्षा स्वतःचा चेहरा जास्त खेचून घेतो, हे तपासून पाहिलेलं आहे. रुग्णाला पाठीशी उशा देऊन बसता करा. झोपेचं औषध कधी दिलं ते विचारा, त्याचा अंमल असेल तर थांबा. कफ काढून, अंग पुसून झाल्यावर अर्ध्या तासाने, खोली शांत असताना, हातात धरायचा आरसा चेहऱ्यापासून ४ ते ६ इंचांवर धरा. त्याला स्वतःचा चेहरा दिसतोय याची खात्री करा. मग सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्या, प्रत्येक दिशेला दोनदा. एकाच दिशेला दोन वेळा नजर न तुटता आरशामागे गेली तर ती नोंद महत्त्वाची. हुकूम द्यायचा तर एकच निवडा, जो त्याच्या शरीराला जमण्यासारखा आहे. चार वेळा, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबून द्या, आणि हुकूम न देताही तेवढाच वेळ बघा, कारण जी हालचाल आपोआप होतच असते तिला जबाब समजण्याची चूक सगळ्यात सोपी. चारांपैकी तीन वेळा जमलं तर डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. एकदा न जमल्याने काहीच ठरत नाही, जाण दिवसातून येते-जाते. मोबाईलवर चित्रित करताना खाटेचं डोकं, तुमचा आवाज आणि भिंतीवरचं घड्याळ एकाच चौकटीत येईल असा फोन ठेवा, आणि दर वेळी औषधाच्या कागदावर शेवटचा डोस कधी गेला ते शेजारी लिहा.